फ्रूटव्हेलची वाट

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को ही नगरी आहे आणि तिच्या समोर, उपसागराच्या पूर्वतीरावर, ओकलंड नावाचे दुसरे शहर आहे. पहिलीचे नाव जगाला ठाऊक. प्रवासी येतात, तिच्या झुलत्या पुलाची छायाचित्रे घेतात आणि परत जातात. ओकलंड हे बंदराचे, गोदामांचे आणि कष्टकरी माणसांचे शहर. प्रवासवर्णनांत त्याला फारशी जागा मिळत नाही आणि त्यातील फ्रूटव्हेल या वस्तीला तर मुळीच नाही. परंतु म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला टोपली घेऊन जाणाऱ्या अथवा बेळगावच्या पेठेत लहानसे दुकान चालविणाऱ्या कुटुंबांना सांगावे असे काही मला त्या जगप्रसिद्ध नगरीपेक्षा या अप्रसिद्ध वस्तीतच अधिक आढळले.

फ्रूटव्हेल म्हणजे फळांची दरी. १८५० नंतरच्या दशकात हेंडरसन लुएलिंग नावाचा एक रोपवाटिकेचा जाणकार ओरेगॉन प्रांतातून येथे आला आणि त्याने चेरीची मोठी बाग लावली. तिचे नाव पुढे साऱ्या परिसराला चिकटले. १९०६ साली भूकंपाने आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील पुष्कळ निराश्रित उपसागर ओलांडून इकडे आले. १९०९ साली हे गाव ओकलंड शहरात सामील झाले. बागा तुटल्या, त्यांच्या जागी घरे उठली, फळे डबाबंद करण्याचे कारखाने आणि कापडाची गिरणी आली. जर्मन आले, आणि अझोर बेटांवरून पोर्तुगीज आले. या पोर्तुगीज मजुरांच्या वाडीला जिंगलटाऊन असे नाव पडले. शनिवारी पगार झाला की ही माणसे खिशातील नाणी खुळखुळवीत रस्त्याने चालत, म्हणून हे नाव, अशी तेथील आख्यायिका आहे. आमच्या गोव्याच्या वाचकांना पोर्तुगीज म्हटले की कप्तान, फरमाने आणि राजवाडे आठवतात. गिरणीतून घामाघूम होऊन बाहेर पडणारा, आठवड्याची मजुरी खिशात वाजविणारा पोर्तुगीज त्यांनी क्वचितच कल्पिला असेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर वस्तीचे रूप पुन्हा पालटले. मेक्सिकोहून आलेली पुष्कळ कुटुंबे तोपर्यंत ओकलंडच्या पश्चिम भागात राहत असत. तेथून मोटारींचा द्रुतमार्ग काढण्यात आला, इतर सरकारी बांधकामे झाली, घरे पाडली गेली आणि ही माणसे सरकत सरकत फ्रूटव्हेलमध्ये येऊन वसली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे घडले त्याचे मर्म तिच्यात आहे. रस्त्याची एक रेघ कागदावर ओढली की आपल्या घराचे काय होते, हे या लोकांनी एकदा अनुभवले होते.

वस्तीचा मुख्य रस्ता पूर्वी पूर्व चौदावा रस्ता या रूक्ष नावाने ओळखला जाई. १९९६ साली शहराने त्याचे नाव इंटरनॅशनल बुलेव्हार्ड असे ठेवले. नाव भारदस्त आहे, परंतु रस्ता अगदी घरगुती. दुतर्फा बैठी किंवा एकमजली दुकाने: भाकरी भाजणारे, मटण विकणारे, चपला दुरुस्त करणारे, घरी पैसे पाठविण्याची सोय करणारे, आणि कितीतरी दुकानांत लहान मुलींच्या प्रथम ख्रिस्तशरीराचे पांढरेशुभ्र झगे काचेमागे टांगलेले. फलक स्पॅनिश भाषेत. कानावर स्पॅनिश पडते, आणि मध्येच एखादी अगदी निराळी भाषा. ती ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या माया लोकांची माम भाषा होय. चिनी आणि व्हिएतनामी कुटुंबेही येथे आहेत.

हातगाडीवर एक बाई आंब्याच्या फोडी विकते. त्यांवर लिंबू पिळते, मीठ टाकते आणि वरून तिखट भुरभुरते. हे पाहून आपल्या मनुष्याचे पाय आपोआप थांबतात. आंबा आपल्याकडचा; गेल्या काही शतकांत पोर्तुगीज आणि स्पॅनिश गलबतांनी तो तिकडे पोचविला. मिरची त्यांच्याकडची, ती त्याच गलबतांनी इकडे आणली. चिक्कू हा शब्दसुद्धा मूळ मेक्सिकोच्या आदिवासींच्या भाषेतून निघालेला आहे. तेव्हा त्या गाडीपाशी उभे राहून कोण परका आणि कोण आपला हे ठरविणे कठीणच.

रस्त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर संत एलिझाबेथचे चर्च आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषिक भाविकांसाठी फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनी हा धर्मग्राम स्थापिला. आज तेथे मिस्सा स्पॅनिश भाषेत होते आणि ती सुटली की माणसांचा लोंढा चालत चालत याच रस्त्यावर येतो.

चालत येतो, हे मी मुद्दाम लिहिले. या पेठेचे भाग्य पायी चालणाऱ्यांच्या हाती आहे. अमेरिकेत ही गोष्ट सोपी नाही.

१९५० ते १९८० या काळात तेथील बहुतेक जुन्या पेठांवर जे संकट आले तेच फ्रूटव्हेलवर आले. ज्यांच्यापाशी पैसा होता ती कुटुंबे मोटारी घेऊन दूरच्या उपनगरांत राहावयास गेली. उपनगरांत छपराखालचे प्रचंड बाजार उभे राहिले, त्यांच्याभोवती मोटारी ठेवण्यास विस्तीर्ण पटांगणे. कारखाने एकामागून एक बंद पडले. याच रस्त्यावर माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीची टोलेजंग इमारत होती. टपालाने माल पाठविण्याचा तिचा व्यापार एके काळी पश्चिम अमेरिकेत दूरवर चाले. १९८० नंतरच्या दशकात तीही बंद झाली. नंतर कितीतरी वर्षे ती फुटक्या खिडक्यांनिशी तशीच उभी होती आणि शेजारच्या आयाबाया तिच्या जागी शाळा मागत होत्या. शेवटी ती पाडण्यात आली आणि आज त्या ठिकाणी शाळाच आहे. रस्त्यावरची पुष्कळ दुकाने कुलूपबंद झाली होती. दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडत नसे.

आता या कथेतील आगगाडीकडे वळतो. उपसागराभोवतालची गावे जोडणारी विजेची आगगाडी, तिला सारे बार्ट म्हणतात, ११ सप्टेंबर १९७२ रोजी सुरू झाली. पहिल्याच दिवशी जी स्थानके उघडली त्यांत फ्रूटव्हेलचे एक होते. आपल्याकडे स्टेशन आले की बाजार फुलतो. चहावाला, फुलवाला, टांगेवाला, खानावळ ही सारी स्टेशनाची लेकरे. फ्रूटव्हेलमध्ये तसे काही झाले नाही. स्थानक उंच खांबांवर होते. मुख्य रस्ता तेथून पाच मिनिटांच्याही अंतरावर नव्हता. परंतु दोहोंच्या मध्ये मोटारी ठेवण्याचे उघडे पटांगण होते आणि त्यापलीकडे दिसत त्या दुकानांच्या पाठच्या भिंती. लोक सकाळी दुरून मोटारीने येत, ती पटांगणात ठेवीत, गाडीत बसून कामावर जात; संध्याकाळी उतरत आणि मोटारीत बसून निघून जात. रोज हजारो माणसे त्या वस्तीत येत होती आणि त्यांपैकी फारच थोड्यांना पेठ दिसत होती.

१९९१ साली बार्टने ठरविले की, पटांगण अपुरे पडते, तेव्हा स्थानकालगत मोटारी ठेवण्यासाठी अनेक मजली इमारत बांधावी. वरवर पाहता यात वाईट काय? वस्तीत सरकारी पैसा येणार, बांधकाम होणार, प्रवाशांची सोय होणार. परंतु ती इमारत स्थानक आणि पेठ यांच्या मधोमध उभी राहणार होती. आधीच जी वाट नकोशी होती ती पुरती बुजणार होती. सिमेंटचा काळोखा डोंगर, त्यातून निघणारा धूर, रात्रीची निर्जनता, हे सारे दुकानदारांच्या माथी आणि सोय मात्र परगावच्या मोटारवाल्यांची. वस्तीने या योजनेस हरकत घेतली.

हरकत घेणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. हरकत सगळेच घेतात. आपल्याकडेही पंचायतीच्या सभेत आवाज चढतात, निवेदने दिली जातात, वर्तमानपत्रांत दोन ओळी येतात आणि सहा महिन्यांनी काम होऊन जाते. फ्रूटव्हेलचे वैशिष्ट्य असे की, नकार देतानाच तेथील लोकांनी दुसरा नकाशा आणून देण्याचे अंगावर घेतले. बार्टनेही, ही गोष्ट तिच्या श्रेयाची आहे, आपला आराखडा मागे घेतला आणि सांगितले की, तुम्ही काय सुचविता ते आम्ही पाहू.

यात पुढाकार घेणारी संस्था म्हणजे युनिटी कौन्सिल. स्पॅनिश भाषिक लोकांच्या निरनिराळ्या मंडळांना एकत्र आणून १९६४ साली ती स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत अराबेला मार्टिनेझ नावाची एक तरुण स्त्री होती. तिने १९६९ नंतर काही वर्षे संस्थेचा कारभार पाहिला. पुढे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दीत ती केंद्र सरकारात सहायक सचिवाच्या पदावर गेली. १९८९ साली ती परत आली तेव्हा संस्था कर्जात बुडालेली, जवळजवळ दिवाळे निघण्याच्या बेतात होती. वॉशिंग्टनचे दरवाजे ठाऊक असलेली ही बाई अशा मोडक्या संस्थेत पुन्हा येऊन बसली आणि पंधरा वर्षे बसली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील ही सर्वांत मोठी गुंतवणूक होय, आणि कोणत्याही जमाखर्चात ती सापडणार नाही.

१९९२ साली ओकलंड शहराने पर्यायी योजनेसाठी थोडे पैसे दिले. बर्कले येथील विद्यापीठाची माणसे मदतीस आली. १९९३ साली वास्तुशिल्पी बोलावून वस्तीसमोर आराखडे मांडण्यात आले आणि लोकांना विचारले गेले की, तुम्हाला येथे काय हवे, कशाची भीती वाटते. लोकांनी सांगितले ते साधेच होते. चोऱ्यामाऱ्या थांबाव्यात. रस्ता स्वच्छ असावा. गरजेच्या वस्तूंची दुकाने जवळ असावीत. मुलांना ठेवण्यास जागा, म्हाताऱ्यांना बसण्यास जागा, दवाखाना आणि वाचनालय असावे. आराखडा पाहून केंद्र सरकारचे तत्कालीन वाहतूक सचिव फेदेरिको पेन्या यांनी त्याच वर्षी ४,७०,००० डॉलरांचे अनुदान योजनेच्या पुढील आखणीसाठी मंजूर केले.

नंतर १९९४ साली शहर, बार्ट आणि युनिटी कौन्सिल यांच्यात लेखी करार होऊन तिघांच्या प्रतिनिधींची एक समिती बनली. भागीदारी हा शब्द आपण दुकानाच्या पाटीवर वाचतो. येथे त्याचा अर्थ पाहण्यासारखा आहे. बार्टपाशी जमीन होती, परंतु तिला दुकानदारी कळत नव्हती. शहरापाशी कायदा आणि कर होते, परंतु लोकांचा विश्वास नव्हता. संस्थेपाशी विश्वास होता, पण ना जमीन ना पैसा. तिघांपैकी कोणीही एकटा काही करू शकत नव्हता आणि प्रत्येक जण दुसऱ्याला अडवू शकत होता. मला वाटते, दुसऱ्याला अडविण्याची ही शक्ती तिघांपाशी सारखी होती म्हणूनच बोलणी टिकली. ज्याच्यापाशी अडविण्याचेही बळ नसते त्याला सभेस बोलावतात, चहा देतात आणि विसरतात.

करार झाल्यापासून इमारती उभ्या राहीपर्यंत दहा वर्षे लागली. त्यातील रखडपट्टी सविस्तर सांगत बसत नाही. ज्याने सरकारी पैशातून गावचा समाजमंदिराचा ओटा बांधून घेतला आहे त्याला ती न सांगताच समजेल. एकच अडचण सांगतो. पटांगण हटवायचे तर तेवढ्या मोटारींची सोय दुसरीकडे करून द्या, असा बार्टचा आग्रह होता. म्हणजे ज्या इमारतीला विरोध केला ती शेवटी बांधावी लागलीच! परंतु ती बाजूला सरकवून बांधली आणि मधली जागा वाटेसाठी मोकळी ठेवली.

मोठे काम रखडलेले असताना लहान कामे चालू होती आणि माझ्या नजरेला तीच अधिक मोलाची दिसतात. १९९६ पासून पेठेच्या सुधारणेचा स्वतंत्र उपक्रम संस्थेने हाती घेतला. दुकानदारांशी एकेकट्याने बोलून दुकानांचे दर्शनी भाग नीट करणे, लोखंडी जाळ्या काढून काचा बसविणे, रंग देणे, फलक सुबक करणे, पदपथ झाडणे, दिवे लावणे, अशी ही कामे. शंभराहून अधिक दुकानांची तोंडे अशा रीतीने उजळली. यात मालकाने थोडे द्यायचे आणि थोडे सार्वजनिक निधीतून मिळायचे, अशी व्यवस्था होती. जो दुकानदार पाच वर्षे भिंतीला चुना लावीत नाही तो शेजाऱ्याने लावल्यावर आठ दिवसांत लावतो, हा स्वभाव सर्व देशांत सारखाच दिसतो. दुकाने पुन्हा उघडू लागली, रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू मिळू लागले.

हातगाड्यांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. मक्याची उकडलेली कणसे, तामाले, फळांच्या फोडी विकणारे फेरीवाले कायद्याने बेकायदा होते. भाडे भरणाऱ्या दुकानदाराला ते डोळ्यांत खुपतात, आरोग्याधिकाऱ्याला धोक्याचे वाटतात; गिऱ्हाइकाला मात्र हवे असतात. पुष्कळ शहरे अशा वेळी पोलिसांची गाडी धाडून मोकळी होतात. ओकलंडने २००१ साली या भागापुरता निराळा नियम केला: परवाना घ्यावा, पदार्थ तपासलेल्या स्वयंपाकघरात तयार करावेत, ठरलेल्या जागी उभे राहावे. जी बाई पोलीस दिसताच गाडी ढकलीत गल्लीत शिरत असे ती परवाना घेऊन राजरोस उभी राहू शकली. रस्त्याला मात्र तिचा फायदा दुहेरी झाला. जेथे रात्री नऊ वाजता कणसे भाजली जातात तेथे रस्ता निर्जन नसतो, आणि जेथे रस्ता निर्जन नसतो तेथे दुकानदार लवकर दार लावीत नाही.

त्याच १९९६ साली संस्थेने आणखी एक गोष्ट सुरू केली. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपण त्या दिवशी थडगी झाडतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांसाठी मिस्सा सांगतो. मेक्सिकोच्या लोकांत हा दिवस फार मोठा. घरात ते मृतांची लहानशी वेदी मांडतात. छायाचित्र, पाण्याचा पेला, त्या माणसाला आवडणारा पदार्थ, गोड पाव आणि झेंडूच्या फुलांच्या राशी. होय, झेंडूच! आपण दसऱ्याला ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मूळचा त्यांच्या देशाचा. या दिवसाची जत्रा युनिटी कौन्सिलने भर पेठेत, इंटरनॅशनल बुलेव्हार्डवर, भरविली. वाहने बंद करून रस्ता माणसांना मोकळा करून दिला. वेद्या रस्त्यावर मांडल्या, नाचणारे आले, आणि ज्या रस्त्याला बाहेरची माणसे बिचकत होती त्यावर हजारोंच्या संख्येने माणसे आली. साखरेच्या कवट्या आणि सांगाड्यांची सोंगे पाहुण्याला प्रथम विचित्र वाटतात; त्यांत ख्रिस्तपूर्व काळातील रूढींचा अंश आहे हेही खरे. परंतु आजीच्या छायाचित्रासमोर नातवाचा हात धरून उभी असलेली आई पाहिली की त्यात परके काही उरत नाही. व्यापाऱ्यांच्या सभेत शंभर भाषणे करून जे झाले नसते ते मृतांनी करून दिले, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक होणार नाही.

स्थानकाशेजारचे बांधकाम १९९९ साली सुरू झाले आणि २००४ साली ते लोकांसाठी खुले झाले. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. त्याला फ्रूटव्हेल व्हिलेज म्हणतात. गाडीतून उतरून जिना उतरला की समोर फरसबंद चौक लागतो. दोन्ही बाजूंस इमारती: खाली दुकाने, वर कचेऱ्या आणि ४७ बिऱ्हाडे. एका मजल्यावर सेझर चावेझ यांच्या नावाचे सार्वजनिक वाचनालय आहे. स्पॅनिश वाचकांसाठी १९६६ साली उघडलेल्या जुन्या ग्रंथालयाचेच हे वाढलेले रूप होय. ला क्लिनिका दे ला रासा हा १९७१ सालापासूनचा लोकांचा दवाखाना तेथे आला. लहान मुलांची शाळा आणि वृद्धांसाठी केंद्रही तेथेच उघडले. वृद्धांच्या ६८ खोल्यांची एक इमारत त्याआधीच, १९९८ साली, जवळ उभी राहिली होती. आणि या साऱ्यांच्या मधून, कोणत्याही भिंतीला वळसा न घालता, वाट थेट इंटरनॅशनल बुलेव्हार्डवर जाते.

मी ती वाट अनेकदा चाललो. तिच्यात पाहण्याजोगे शिल्प नाही. दवाखान्यातून औषधाची पुडी घेऊन निघालेली बाई पेठेत भाकरी घेण्यास वळते. शाळा सुटलेली पोरे आंब्याच्या गाडीकडे धावतात. म्हातारे बाकावर बसून येणारीजाणारी माणसे मोजतात. दवाखाना, वाचनालय आणि शाळा येथे आणण्यामागची युक्ती तेथे उभे राहिल्यावरच कळते. दुकानाला गिऱ्हाईक लागते, परंतु गिऱ्हाईक केवळ दुकानासाठी रोज येत नाही. औषधपाणी, मुले, पुस्तके ही रोजची निमित्ते आहेत.

सारे सुरळीत झाले असे मात्र वाचकांनी समजू नये. जुन्या पेठेत हालचाल वाढली, तरी नव्या चौकातील दुकानांना पहिली वर्षे फार जड गेली. काही गाळे रिकामे राहिले, काही भाडेकरू सोडून गेले. २००८ च्या मंदीने त्यात भर घातली. मोटारीने येणारा प्रवासी अजूनही बाजूच्या इमारतीतून सरळ फलाटाकडे जात होता. मनुष्याची सवय नकाशाने लगेच बदलत नाही. त्यातच १ जानेवारी २००९ च्या पहाटे याच स्थानकाच्या फलाटावर ऑस्कर ग्रँट या बावीस वर्षांच्या निःशस्त्र काळ्या तरुणाला बार्टच्या पोलिसाने गोळी घातली आणि तो मरण पावला. अमेरिकेत त्यानंतर बहुतेकांना फ्रूटव्हेल हे नाव त्या मृत्यूमुळेच ठाऊक झाले. आज स्थानकाच्या बाजूच्या भिंतीवर त्याचे भव्य चित्र आहे आणि लगतच्या छोट्या रस्त्याला त्याचे नाव दिलेले आहे. वस्तीत ज्यांनी चोवीस तास माणसांचा वावर असावा म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली त्यांना, पोलीस असूनही, किंबहुना पोलिसाच्याच हातून, आपल्या दाराशी हे पाहावे लागले.

दुसरी काळजी सुधारणेतूनच जन्मते. रस्ता चांगला झाला की भाडे वाढते. भाडे वाढले की ज्यांनी रस्ता चांगला केला तेच बाहेर फेकले जातात. उपसागराच्या भोवताली संगणकाच्या व्यवसायाने घरांच्या किमती आकाशाला नेल्या, तेव्हा ही काळजी सर्वत्र खरी ठरली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली फ्रूटव्हेलची पाहणी प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की, तेथील उत्पन्न आणि शिक्षण वाढले, तरी लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचे प्रमाण इतर वस्त्यांसारखे ढासळले नाही. हे समाधानाचे आहे. परंतु पाहणी म्हणजे एका क्षणाचे छायाचित्र, आणि भाडे दर महिन्याला येते. पहिल्या ४७ बिऱ्हाडांपैकी थोडीच अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखून ठेवलेली होती, हा या योजनेतला मला दिसलेला सर्वांत मोठा उणेपणा. ती उणीव भरून काढण्यासाठी बार्टच्या उरलेल्या पटांगणावर ९४ परवडणाऱ्या घरांची इमारत २०१९ साली उभारण्यात आली. तिला कासा अराबेला, अराबेलाचे घर, असे नाव दिले आहे.

मी गेलो तेव्हा पेठेत ज्या गोष्टीची चर्चा सर्वांत अधिक होती ती मात्र घरांची नव्हे, बसगाडीची. ९ ऑगस्ट २०२० पासून इंटरनॅशनल बुलेव्हार्डच्या मधोमध बसगाड्यांसाठी राखीव मार्ग सुरू झाला आहे. ओकलंडच्या मध्यभागापासून सॅन लिअँड्रो गावापर्यंत, सुमारे पंधरा किलोमीटर, या गाड्या जलद धावतात. ज्यांच्यापाशी मोटार नाही त्यांना त्याचा मोठा आधार आहे. परंतु त्याच्या बांधकामात रस्ता कित्येक महिने खणलेला होता, दुकानांपुढे कुंपणे होती. आणि काम संपते न संपते तोच साथीच्या रोगाने सारे बंद झाले. शहराने नुकसान सोसलेल्या दुकानदारांसाठी साहाय्याचा निधी ठेवला होता, तरी पुष्कळांना तो पुरला नाही. उतावळे मोटारवाले राखीव मार्गात घुसतात, अपघात होतात, रस्ता ओलांडणाऱ्यांचे जीव गेले आहेत. आणि एक तक्रार प्रत्येक जण सांगतो: बससाठी रस्त्याच्या कडेच्या मोटारी ठेवण्याच्या जागा गेल्या, मग शनिवारी दुरून कुटुंबकबिला घेऊन सामान घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाने गाडी लावायची कोठे?

प्रथम ख्रिस्तशरीराचे झगे विकणाऱ्या एका दुकानदाराला मी १९९१ सालच्या त्या अनेक मजली इमारतीची आठवण करून दिली. तो हसला. म्हणाला, फादर, तेव्हा ती मोटारींची जागा आमच्या गिऱ्हाइकांसाठी नव्हती, आगगाडीच्या लोकांसाठी होती. मग त्याने दाराशी आलेल्या आजी, आई आणि मुलगी अशा तिघींना आत घेतले, शिडी लावली आणि वरच्या खुंटीवरचा एक झगा काठीने खाली काढला.